एकोणीस उन्हाळ्यांची मापं

राजाजीनगर, बेंगळूर
१२ एप्रिल १९९५

चि. शालन,
अनेक आशीर्वाद.

कावेरीला जाऊन पाच महिने झाले. तेराव्यानंतर तू बेळगावला परतलीस, त्यानंतर मी तुला एक कार्डही टाकलं नाही. रागावली असशील. धाकट्या मेव्हणीनं रागवायचं नाही तर कुणी? आणि आज लिहितोय तेही कामासाठीच. हसू नकोस. मला हाफपँट शिवायची आहे.

यंदा इथला उन्हाळा ओळखू येत नाही. आमच्या रस्त्यावरची पर्जन्यवृक्षांची कमान गेल्या वर्षी तोडली, तेव्हापासून दुपार थेट घरात येऊन बसते. दुकानातून बर्मुडा आणून पाहिली. तिच्यावर पोपट आहेत, आणि इलॅस्टिक असं की पोटावर दोर बांधल्यागत वळ उठतात. कावेरी दर एप्रिलला मला दोन हाफपँटी शिवून द्यायची. अंगावर काही आहे हेही जाणवायचं नाही, इतकं नेमकं माप. यंदा एप्रिल आला आणि हात रिकामे. म्हणून म्हटलं, शिकू. चाळीस वर्षं शाळेत मुलांना कविता शिकवल्या, आता सत्तरीत एक टीप सरळ मारता येऊ नये?

मशीनला तेल घातलं. खालच्या खणात जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेले कागद सापडले. वर्तमानपत्रं हाफपँटीच्या आकारात कापलेली, प्रत्येकावर निळ्या पेन्सिलीनं मापं, अक्षर कावेरीचं. पण माझी नव्हेत. माझी कंबर छत्तीस, यांत तिशीच्या वर एकही नाही. मग आठवलं, दर मे महिन्यात ती बेळगावला तुझ्याकडे राहून आली की मशीनवर बसायची आणि विचारलं तर म्हणायची, ‘शालनच्या शिवणक्लासची ऑर्डर आहे.’ तेव्हा हे कागद तुझेच ना? त्यांवरून मी शिवू का?

ती शिवायची तेव्हा मी खुर्चीत बसून तिला कविता म्हणून दाखवायचो. कधी स्वतःच्याही रचायचो. ‘सुई चाले, दोरा मागे, घर झोपे, दुपार जागे.’ ती मान वर करायची नाही, पण पाय थांबवायची. आता मी कडवं संपवून गप्प होतो तेव्हाही त्या कोपऱ्यात कुणीतरी पाय थांबवल्यासारखं वाटतं. म्हातारपण, दुसरं काय.

तुझा,
पुरुषोत्तम


शहापूर, बेळगाव
१९ एप्रिल १९९५

ती. भावोजींना शालनचा सा. नमस्कार.

हसले, खोटं कशाला बोलू? पण मग बरंही वाटलं. शिवा की. माझ्या क्लासमध्ये बेचाळीस पोरींना शिकवते, तुम्ही त्रेचाळिसावे.

आधी कापड भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यातच आटतं आणि मग माझ्या नावानं शंख कराल. माप उभं राहून घेऊ नका. खुर्चीवर बसा आणि कंबरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंत टेप सोडा, ती बैठक. तिच्यात एक इंच मिळवा. मागचा भाग पुढच्यापेक्षा दीड इंच उंच कापायचा. सगळे इथंच चुकतात, आणि मग खाली बसलं की मागून पँट उतरते. चारी बाजूंनी शिवणीसाठी अर्धा इंच माया सोडा. आधी कच्चा टाका, मग मशीन. आणि सगळ्यात सोपं म्हणजे अक्कानं शिवलेली एखादी जुनी पँट उसवा, तिचे तुकडे कापडावर ठेवा आणि भोवती खडू फिरवा.

ते कागद क्लासचेच. जुनेपाने आहेत, उपयोगाचे नाहीत. त्यांच्यावर शिवू नका. अभ्र्यासकट मला पाठवून द्या, नाहीतर बंबात घाला.

तब्येतीला जपा. दुपारचं जेवण एकटे आहात म्हणून टाळू नका.

तुमची,
शालन


राजाजीनगर, बेंगळूर
५ मे १९९५

चि. शालन,

तुझं ऐकलं नाही. जुनी पँट उसवायला ब्लेड हातात घेतलं, टीप पाहिली, आणि ब्लेड ठेवून दिलं. कावेरीची टीप मी उसवू? मग त्या गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा कागद घेतला. खाकी सुती कापडावर ठेवला, खडू फिरवला, कापलं. चार दुपारी लागल्या. बॉबिनचा दोरा किती वेळा तुटला ते विचारू नकोस. पण झाली, शालन! आणि माझ्या मांड्यांवर येऊन अडकली. कंबर तीस! मी तरी कोणत्या आशेनं बसलो होतो, कोण जाणे.

धुऊन गच्चीवर वाळत घातली. वारा सुटला होता. मी जिन्यातून वर गेलो तर ती पँट वाऱ्यानं भरून, दोन पाय रोवून कुणी उभं असावं तशी. वर कोणी नाही, नुसती कंबरेखालची आकृती. मी जिन्यातच बसलो.

इतक्यात वरच्या बिऱ्हाडातली भाग्यलक्ष्मी कपडे काढायला आली. तीन वर्षांपूर्वी राहायला आलेली, तिला आमचं मागचं काही ठाऊक नाही. पँटीकडे पाहून म्हणाली, ‘‘मेष्ट्रे, मगा बंदना?’’ मास्तर, मुलगा आला का?

मी म्हटलं, ‘‘इल्ला.’’ नाही. ‘‘मीच शिवली.’’

‘‘तुम्ही?’’ ती पदर तोंडाला लावून हसली. ‘‘पण ही तर जवान माणसाची.’’

खाली येऊन सगळा गठ्ठा उलगडला. कागदांच्या मागे वर्तमानपत्रांच्या तारखा आहेत. पहिला मे ७६. शेवटचा गेल्या मे महिन्यातला. दर उन्हाळ्याला एक, एकूण एकोणीस. पहिल्याची कंबर सव्वीस, लांबी सोळा. मग वाढत गेलेली. हे तुझ्या क्लासचे कागद नव्हेत, शालन. तू मला दुःख होऊ नये म्हणून लपवलंस. आमचा मुलगा पंचाहत्तरच्या मे महिन्यात गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. कावेरी त्याला कागदावर वाढवत राहिली. दर उन्हाळ्याला त्याला एक पँट! आणि मी समोर बसून कविता म्हणत होतो.

तो गेला त्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ मला अजून स्वच्छ दिसते. आपल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम, मोगऱ्याचे गजरे, पंखे बंद पडलेले. मी महिनाभर त्याच्याकडून कविता पाठ करून घेतली होती. तिसऱ्या कडव्यावर तो अडला. मग मी तिसऱ्या रांगेतून उठलो आणि उरलेली पाच कडवी जागेवरूनच म्हटली. काय टाळ्या पडल्या! कवितेची अब्रू राहिली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अंथरूण रिकामं होतं. मुलं कधी कशानं दुखावतील, सांगता येत नाही.

बारा वर्षं वाट पाहून श्रीरंगपट्टणला दर्भाचा पुतळा करून त्याचा विधी केला. तुला आठवत असेल. कावेरीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. पिंडाला कावळा शेवटपर्यंत आला नाही. मी तासभर उन्हात हात जोडून उभा. कावेरी एवढंच म्हणाली, ‘‘नाही यायचा तो.’’ मला वाटलं, हिचं काळीज दगड झालं.

आता ती पँट मशीनवर घडी करून ठेवली आहे. येता-जाता तिच्याकडे लक्ष जातं. घरात कुणीतरी नुकतं कपडे बदलून आंघोळीला गेलं आहे, असं दिवसभर वाटत राहतं.

तुझा,
पुरुषोत्तम


शहापूर, बेळगाव
१२ मे १९९५

ती. भावोजी,

तुमचं पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

त्या संध्याकाळचं तुम्ही लिहिलंत, मोगरा लिहिलात, पंखे लिहिलेत. टाळ्याही लिहिल्यात. घरी आल्यावर काय बोललात ते मात्र लिहिलं नाहीत. मी त्या सुट्टीत तुमच्याकडेच होते, स्वयंपाकघरात. मी ऐकलंय.

आणि एवढ्या मोठ्या पत्रात त्याचं नाव एकदाही नाही. ‘तो’, ‘आमचा मुलगा’. वीस वर्षं झाली की हो! विधीच्या वेळी भटजींनी नाव विचारलं, तेव्हासुद्धा तुम्ही अक्काकडे बोट केलंत. अक्कानं सांगितलं.

मी अक्काला एक शब्द दिलाय. तो मोडणार नाही. म्हणून याहून जास्त लिहीत नाही. तुम्ही मास्तर आहात, कागद पुन्हा वाचा.

शालन


राजाजीनगर, बेंगळूर
१८ मे १९९५

चि. शालन,

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवलो नाही. तू एवढ्या कोरडेपणानं कधी लिहिलं नव्हतंस.

हो, बोललो होतो. चप्पल काढता काढता म्हटलं, ‘‘ज्याला सात कडवी पेलत नाहीत, त्याचं नाव या घरात पुन्हा मी घेणार नाही.’’ तो उंबऱ्यातच उभा होता. मला वाटलं होतं, सकाळी विसरू. पण सकाळी तो नव्हता, आणि मग त्या शब्दाचं काय करायचं ते मला कळेना. आधी राग म्हणून नाव घेतलं नाही. मग लाज म्हणून. पुढे जीभच वळेना.

तू म्हणालीस म्हणून कागद पुन्हा वाचले. बाहेरच्या खोलीत फरशीवर एकामागून एक मांडले, शहात्तर ते चौऱ्याण्णव, आणि गुडघ्यांवर बसून एकेक पाहिला. भर दुपार होती. फरशीवर एक मुलगा सावकाश मोठा होत होता.

शहात्तर, सव्वीस. सत्त्याहत्तर, सत्तावीस. अठ्ठ्याहत्तर, अठ्ठावीस. आणि एकोणऐंशीत साडेपंचवीस.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. साडेपंचवीसच. पुढच्या वर्षी पुन्हा सत्तावीस.

शालन, गेलेल्या मुलाला आई मनात वाढवते. वाळवत नाही. स्वप्नातला मुलगा अडीच इंच बारीक कशाला होईल? आणि शहाऐंशीपासून पुढे प्रत्येक कागदात डावा पाय उजव्यापेक्षा इंचभर रुंद कापलेला आहे. असलं कोण कल्पना करून लिहील? मी पद्य पढवणारा माणूस, मला एवढं कळतं की असली ओळ रचता येत नाही. ही मापं कुणाच्या तरी अंगावरून टेप फिरवून घेतलेली आहेत.

घाईत लिहितोय, अक्षर समजून घे.

मल्हार. लिहिलं बघ. मल्हार. खोलीत मोठ्यानंही म्हटलं. भाग्यलक्ष्मी जिन्यातून डोकावून गेली.

मल्हार जिवंत आहे का?

पुरुषोत्तम


शहापूर, बेळगाव
२४ मे १९९५

ती. भावोजी,

आहे.

आता सगळं लिहिते. अक्कानं मला सांगून ठेवलं होतं, ‘‘त्यांनी आपणहून त्याचं नाव घेतलं तर त्याच दिवशी सांग. नाही घेतलं तर माझ्यामागेही सांगू नको.’’ ती वीस वर्षं वाट बघत होती. तुम्ही कविता म्हणायचात तेव्हा मान खाली घालून त्याचीच पँट शिवत असायची, आणि कडवं संपलं की पाय थांबवायची. का, तर आता तरी हे त्याचं नाव काढतील म्हणून.

मी तुमच्याकडून बेळगावला परतले आणि पाठोपाठ तोही माझ्याकडेच आला, रात्रीच्या गाडीनं, हातात काही नाही. ‘‘आईला कळवतो, पण बाबांना कळलं तर मी इथूनही जाईन,’’ म्हणाला. खरंच गेला असता. मग अक्कानं ते पत्करलं. दर मे महिन्यात ती इथं यायची, त्याला दारात उभा करून माप घ्यायची. तो म्हणायचा, ‘‘आई, पँटी दुकानात मिळतात की.’’ ती म्हणायची, ‘‘मिळू देत. हलू नको.’’ एकोणऐंशीत त्याला कावीळ झाली होती. शहाऐंशीत भट्टीजवळ काम करताना डावी मांडी पोळली. तेव्हापासून कामावरून आला की फुलपँट सहन होत नाही, कापड घासतं. म्हणून तो पाय सैल.

श्रीरंगपट्टणच्या वेळी मी अक्काला म्हटलं होतं, ‘‘थांबव गं हे, जित्या पोराचे पिंड घालताय म्हणावं.’’ ती म्हणाली, ‘‘पिंडासमोर तरी नाव घेतील, असं वाटलं होतं मला.’’ तुम्ही बोट केलंत. ती दगड झाली नव्हती, भावोजी. त्या दिवशी तिनं तुमची आशा सोडली. पण पुढच्या मे महिन्यात पुन्हा तीच खुळी आशा घेऊन आली.

आता पुढचं वाचताना खाली बसा. तो बेंगळुरातच आहे. ब्याऐंशीपासून. मे महिन्यात तेवढा मापासाठी इथं यायचा. पीण्या औद्योगिक वसाहतीत, लोखंड भट्टीत तापवून कडक करायच्या एका हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये आहे. तुमच्या घरापासून बसनं अर्धा तास. अक्का गेली तेव्हा मीच त्याला फोन करून बोलावलं. तिला उचललं तेव्हा तुमच्या मागे उजव्या खांद्याला जो माणूस होता, दाढीवाला, तो मल्हार. तुम्ही वळून त्याला म्हणालात, ‘‘जरा सांभाळून, अण्णा.’’

पत्ता खाली देते. मी त्याला काही कळवणार नाही. ते तुमचं काम.

शालन


राजाजीनगर, बेंगळूर
१ जून १९९५

चि. मल्हार,

हे नाव लिहून मी अर्धा तास थांबलो होतो.

शालनमावशीनं सगळं लिहिलं. परवा मंगळवारी मी पीण्याला आलो. गेटवर वॉचमननं कन्नडात विचारलं, कोण पाहिजे? मला तुझं नाव सांगता आलं असतं. खोलीत एकट्यानं घेता येतं. पण तिथं ट्रक लागलेले, माणसं येत-जात होती, आणि तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. मी म्हटलं, कुणी नको. आणि रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीजवळ उभा राहिलो. दीड तास. शेडच्या आत केशरी उजेड दिसत होता, त्याच्यासमोरून माणसं जात होती. त्यांतला तू कोणता, ते मला ओळखता आलं नाही. बापाला ओळखता आलं नाही.

निघताना वॉचमनकडे एक पुडकं दिलं. तुझ्या शेवटच्या मापाची हाफपँट आहे. मी शिवली आहे, स्वतः. वाकडी असेल.

त्या संध्याकाळी तू तिसऱ्या कडव्यावर थांबला होतास. मी उठायला नको होतं. आज वाटतं, तू आणखी थोडा वेळ थांबला असतास आणि तुला आठवलं असतं. नसतं आठवलं तरी काय होतं? मी तुझी वाट पाहिली नाही. तुझ्या आईनं आपल्या दोघांचीही पाहिली.

तिच्या चितेला अग्नी मी दिला. तो तुझा हक्क होता. तू माझ्या मागे होतास आणि मी तुला सांभाळून चाल म्हणालो.

मी काही मागत नाही. तू उत्तर दिलं नाहीस तर समजेन.

तुझा बाप,
पुरुषोत्तम


पीण्या, बेंगळूर
९ जून १९९५

नमस्कार.

पत्र मिळालं. मला मराठी लिहायची सवय राहिली नाही. चूकभूल होईल, तुम्ही सुधारू नका.

मंगळवारी तुम्ही आलात ते मी पाहिलं. वॉचमन सांगायच्या आधीच पाहिलं. भट्टीत माल होता. एकदा माल आत गेला की साडेतीनपर्यंत मला हलता येत नाही. मी मनात म्हटलं, माल निघेपर्यंत हे उभे राहिले तर जाऊ. तुम्ही तीनला गेलात. स्वल्प राग आला. मग वाटलं, सत्तर वर्षांचा माणूस दीड तास उन्हात उभा राहिला, ते काही कमी नाही.

पँट घातली. नेफा उलटा झालाय, शिवण बाहेर आली. नाडी ओवताना शाल्मली खूप हसली. ती माझी मुलगी, सात वर्षांची. तिची आई कन्नड आहे, पण पोरीला मराठी कळतं. आईनं दिलेल्या पँटीत गुडघ्यावर बसून काम केलं तरी कुठं ओढायची नाही. हीही ओढत नाही. डावी बाजू बरोबर आहे.

आईबद्दल मला आत्ता लिहिता येत नाही. तुमच्यावरचा राग गेला असं म्हणालो तर खोटं होईल. इथं रीतीप्रमाणे सगळे मला पी. मल्हार म्हणतात. पी म्हणजे बापाचं नाव. तेरा वर्षं मी ते लावतो, मस्टरवर रोज सही करतो. मी तुमचं नाव टाकलं नव्हतं.

गुरुवारी शेडला सुट्टी असते. येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता मी जालहळ्ळी क्रॉसच्या बसस्टॉपवर येईन. मुलीला घेऊन येईन. तिथं तेव्हा पुष्कळ गर्दी असते. तुम्ही मला ओळखणार नाही, हे मला माहीत आहे, आणि मीही पुढे येऊन ओळख देणार नाही. मी तुमच्याकडे पाठ करून उभा असेन.

हाक मारा. मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. आवाज फुटला नाही तर फुटेपर्यंत थांबा. मी दुसरी बस जाऊ देईन, तिसरीही जाऊ देईन.

पी. मल्हार